विजोड

एका बाईच्या संसारात दुसरी बाई शिरली तर तिला सवत म्हणतात. पुरुषाच्या संसारात असं कोणी शिरलं तर त्याला काय म्हणायचं, यासाठी मराठीत शब्द नाही. मी सगळी नोकरी रत्नागिरीतल्या एका शाळेत मराठी शिकवण्यात घालवली, त्यामुळे मी शोधला नाही असं कोणी म्हणू नये. शब्द नसला तरी माझ्या संसारात ते तिसरं पहिल्या दिवसापासून आहे. काळ्या रेक्झिनच्या कव्हरात असतं, कव्हराला चेन आहे, आणि जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर त्याची जागा ठरलेली आहे. तिथे मी एकदा चहाचा कप ठेवला होता. बायकोने फक्त कप उचलून माझ्या हातात दिला. पुस्तकाला घरात जागा आहे आणि माझ्या कपाला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी बायको ख्रिस्ती आहे. तिच्या माहेरची माणसं मूळची नगरकडची, पण वडील पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते, म्हणून ती तिथल्या कॉलनीत वाढली. मी खाडीपलीकडच्या गावातला. घरी गौरी-गणपती, शिमग्याला दारात पालखी. लग्न करताना आम्ही ठरवलं होतं की तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. ठरवायला सोपं असतं. माझ्यापाशी फार काही नव्हतंच. तिचं मात्र रोज सकाळी चहाच्या आधी उघडायचं.

बायबलला ती शास्त्र म्हणते. कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की तिचं वाक्य ठरलेलं, “मी जरा शास्त्रात बघते.” एका लॅबमधली नोकरी सोडून दुसऱ्या लॅबमध्ये जायचं होतं, तेव्हा शास्त्रात बघितलं. चुलतभावाशी बांधावरून माझं भांडण झालं, मी कोर्टात जायला निघालो होतो, तेव्हाही बघितलं आणि मला जाऊ दिलं नाही. शेजारणीला घरात किती घ्यायचं, लेकीला सायन्सला घालायचं का, सगळं तिथे. मी नवरा, समोरच्या खुर्चीत बसलेला, माझं मत इस्त्री करून तयार. पण माझ्यापर्यंत गोष्ट यायची ती ठरूनच. मला फक्त कळवण्यात यायचं.

आमच्या गावात देवीला कौल लावतात. देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. माझी आई विहीर खणायची असो की म्हैस विकायची असो, कौल लावल्याशिवाय हलायची नाही. सुरुवातीला मी बायकोला चिडवायचो, “काय, मिळाला का कौल? उजवा की डावा?” एरवी न चिडणारी बाई, पण यावर चिडायची.

“तो कौल नाही,” ती म्हणायची. “डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं, असलं मी काही करत नाही. वाचायचं, थांबायचं, चार शहाण्या माणसांशी बोलायचं आणि मग आपल्याच डोक्याने ठरवायचं.”

त्या चार शहाण्या माणसांत मी आहे का, हे मी कधी विचारलं नाही. दिसत होतंच. एक चर्चमधली निवृत्त नर्स, एक पाळकांची, म्हणजे तिथल्या पास्टरांची, बायको, आणि एक पोफळीची बालमैत्रीण, जी आता मुंबईला असते आणि फोनवर शहाणपण पुरवते. चौथी जागा रिकामी असावी. मी ती कधी मागितली नाही आणि मला कोणी दिली नाही.

मी ते पुस्तक वाचलंही आहे. शत्रूचा अभ्यास म्हणा. मला सुट्टी असायची आणि ती लॅबला जायची, तेव्हा कव्हराची चेन उघडून वाचायचो आणि ती यायच्या आत होतं तसं ठेवायचो. मराठी जुन्या वळणाची आहे, ठसठशीत आहे, हे कबूल करताना फार जड गेलं. गोष्टी चांगल्या आहेत. नवरा मेल्यावरही सासूला सोडून न जाणारी सून, दोन सख्ख्या बहिणींशी लग्न करून बसलेला मेंढपाळ आणि त्या बहिणींचा एकमेकींवरचा जळफळाट. तो जळफळाट मला फार जवळचा वाटला. पुढे मोजमापं आणि वंशावळी सुरू झाल्या तिथे मी कंटाळलो. शेवटी शेवटी पत्रं आहेत असं ऐकून होतो. तिथपर्यंत काही मी पोचलो नाही.

आमचं जमलं ते माझ्या वडिलांच्या साखरेमुळे. त्यांचं रक्त तपासायला म्हणून मी लॅबमध्ये गेलो, तिथे ही पांढरा कोट घालून बसली होती, आणि त्यानंतर वडिलांची साखर जितक्या वेळा तपासली गेली तितकी अख्ख्या जिल्ह्यात कोणाची तपासली गेली नसेल. शेवटी वडीलच म्हणाले, “माजा रगात संपवलंस तुज्या नादात. आता काय ता बोल तिच्याजवळ.” मी भाट्याच्या पुलावर विचारलं. खाली भरतीचं पाणी आत येत होतं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, “मला थोडा वेळ द्या.” दुसऱ्याच दिवशी पोफळीला आईवडिलांकडे निघून गेली.

मी काय समजायचं ते समजलो. शास्त्रात बघायला गेली. इकडे मी शाळेत समास शिकवत होतो आणि तिकडे कुठल्यातरी पानावर माझा निकाल लागत होता. परत आली आणि हो म्हणाली. मी विचारलं, “काय उत्तर आलं तुला?” ती हसली. “हो म्हटलं ना,” एवढंच बोलली.

आमच्या बाजूनेही विचारणा झाली होती. आईने देवीला कौल लावला. “उजवा दिलान देवीनं,” ती म्हणाली, “आता माजा काय म्हणना नाय.” म्हणजे दोन्हीकडच्या वरिष्ठांची मंजुरी मिळून माझं लग्न झालं. त्यात आनंद मानायला हवा होता. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात सलत राहिली. मला तिने निवडलं, की तिला तसं सांगण्यात आलं? एक माणूस बदलीचा हुकूम आला म्हणून गावात राहायला येतो आणि दुसरा गाव आवडलं म्हणून येतो. दोघेही घर थाटतात, दोघेही गावच्या नळाचं पाणी पितात. पण गावाला विचारा, फरक पडतो की नाही. ती प्रेमाने वागायची आणि माझ्या मनात यायचं, हे माझ्यासाठी की हुकमाची अंमलबजावणी? सुखाच्या दिवशी तर हमखास यायचं.

लग्न रजिस्टर झालं आणि नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि केक होता. मी केकची बशी घेऊन खिडकीपाशी उभा होतो. पलीकडे दोन वयस्कर बायका बोलत होत्या. त्यातली ती निवृत्त नर्स, तेव्हा निवृत्त व्हायची होती, म्हणाली, “पोर गुणाची आहे हो. पण विजोड झालं.”

मी बशी खिडकीत ठेवून दिली. बायको माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. वर्णाने उजळ, आणि मी आमच्या जांभ्या दगडाहूनही दोन छटा गडद. विजोड म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बारीक नवरा आणि जाडी बायको, तरणी पोर आणि टकल्या नवरा, अशा जोडप्यांना आमच्याकडे विजोडच म्हणतात. त्या दिवसापासून मी कुठल्याही फोटोत पायरीवर उभा राहतो. पायरी नसेल तर मी खुर्चीत बसतो आणि तिला मागे उभी करतो, जुन्या काळच्या लोकांसारखं. तिने लग्नानंतर उंच टाचांच्या चपला घालणं सोडलं. त्या चपला कपाटाखाली पडलेल्या दिसल्या की मला तिची दया टोचायची.

आता मी निवृत्त आहे आणि ज्या लेकीसाठी शास्त्रात बघितलं जायचं, ती मोठी होऊन स्वतःच बघायला लागली आहे. ती इथल्याच एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लहानपणी गणपतीत माझ्याबरोबर आरतीला उभी राहायची आणि रविवारी आईबरोबर चर्चला जाऊन मुलांच्या संडे स्कूलमध्ये बसायची. कॉलेजात गेल्यावर तिने स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मी हरकत घेतली नाही. हरकत घेतली नाही, याचं चर्चमधल्या लोकांनी माझं कौतुकही केलं. त्या कौतुकाने मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. सामना एक विरुद्ध एक होता तो आता दोन विरुद्ध एक झाला, एवढंच सांगतो.

गेल्या वर्षी लेकीने सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो. दापोलीजवळच्या मुरुडचा, घरची नारळी-पोफळीची वाडी, पर्यटकांसाठी चार खोल्या, स्वतः रत्नागिरीत एका बँकेत. हिंदू. हे तिने मला सांगितलं ते शेवटी. आधी आईला, मग त्या शहाण्या बायकांना, आणि मग मला, आणि तेही असं, “पप्पा, मम्मीला माहीत आहे.” मी मुलगा हिंदू आहे हे ऐकलं आणि मनातल्या मनात शिट्टी मारली. लेकीने शेवटी माझ्या बाजूचा माणूस आणला. माझा आनंद त्याच्या गुणांमुळे नव्हता. अजून मी त्याला पाहिलाही नव्हता.

मग मला दुसरी बाजू दिसली आणि शिट्टी तिथेच राहिली. आता माझी बायको शास्त्रात बघणार. आणि त्यात काय निघतं ते लेकीला सांगणार. तिने सांगितलं की हिंदू मुलगा नको, तर तो नकार कोणाला मिळेल? मुरुडच्या पोराला मिळेल, पण त्याच्या आधी मला मिळेल. इतक्या वर्षांनी माझा निकाल पुन्हा लागणार होता आणि तो माझ्या लेकीसमोर लागणार होता.

बायकोने उत्तर द्यायची घाई केली नाही. म्हणाली, मुलाला जेवायला बोलाव. तो आला. उंच, चष्मा, बोलणं मोजकं. घरात आल्यावर चपला सरळ लावून ठेवल्या, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही, कारण बायकोने ते बघितलं हे मी बघितलं. टेबलावर सुरमई, सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या, आणि मधोमध पाण्याने भरलेला तांब्या. पेले मात्र सगळे रिकामे. मला वाटलं दोघी विसरल्या. मी उठलो आणि सगळ्यांचे पेले भरले. पुन्हा रिकामे झाले, पुन्हा भरले. यजमानपण मी आपलं मनापासून केलं. लेक आईकडे बघत होती आणि आई मीठ शोधत होती.

तो गेल्यावर बायको मोरीपाशी उभी राहून हसायला लागली. “सगळ्या उंटांना तुम्हीच पाणी पाजलंत,” ती म्हणाली.

मला शास्त्रातली ती गोष्ट आठवली. मालकाच्या मुलासाठी बायको शोधायला निघालेला तो नोकर विहिरीपाशी थांबतो. त्याला पाणी तर कोणीही देईल. पण न सांगता त्याच्या उंटांनाही जी पाणी पाजेल, तीच मुलगी, असं तो ठरवतो. या दोघींनी तांब्या तसाच ठेवला होता, पोरगा न सांगता कोणाचा पेला भरतो का ते बघायला. मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या होऊ घातलेल्या जावयाची परीक्षा होती आणि प्रश्नपत्रिका मला दाखवली नव्हती. परीक्षा घेण्यात माझी हयात गेली आहे. मी दोन दिवस त्या दोघींशी धड बोललो नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही, याचाही राग आला.

“तरी ताटं त्याने उचलली,” बायको लेकीला सांगत होती. “तुझं आणि माझंही.” माझं ताट मी स्वतः उचललं होतं, हे कोणी बोललं नाही.

गोष्ट पुढे सरकली ती काजूंमुळे. ओल्या काजूंचे दिवस होते आणि गावाहून पिशवीभर आले होते. आम्ही तिघे मागच्या पडवीत बसलो. मी विळीवर काजू चिरत होतो, त्या दोघी काडीने गर काढत होत्या. काजूच्या चिकाने बोटं भाजतात म्हणून तिघांचेही हात खोबरेल तेलाने माखलेले. उठून कुठे जायची सोय नव्हती, आणि कदाचित म्हणूनच लेकीने विषय काढला.

“मम्मी, मला बाकी काही अडचण नाही,” ती म्हणाली. “एकच आहे. ते विजोडचं.”

माझा हात विळीवर थांबला. तो शब्द त्या केकनंतर माझ्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मी फार शांतपणे म्हणालो, “त्यात विजोड काय आहे? पोरगा तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. रंगही बरा आहे. तुझी आई आणि मी बघ.”



“पप्पा, उंचीचा काय संबंध?”

मग लेकीने मला सांगितलं. शेवटच्या भागातली जी पत्रं मी वाचलीच नव्हती, त्यातल्या एका पत्रात ते आहे. विश्वास असणाऱ्याने विश्वास नसणाऱ्याशी जोडी जमवून विजोड होऊ नये, अशा अर्थाचं. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. कोणी परधर्मात लग्न केलं की तो वापरतात. उंची, रंग, जाडी, कशाशीही त्याचा संबंध नाही.

मी म्हणालो, “मग लग्नाच्या दिवशी त्या बाई म्हणाल्या ते…”

“कोण बाई? काय म्हणाल्या?” बायकोने विचारलं.

मी सांगितलं. केक, खिडकी, विजोड. लेक हसायला लागली ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तेलकट हातांनी ते पुसता येईना. “म्हणून तुम्ही फोटोत पायरीवर उभे राहता?” ती म्हणाली. “पप्पा, तुम्ही मराठीचे सर ना?”

बायको हसली नाही. ती काडी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत होती. “इतकी वर्षं तुम्हाला असं वाटत होतं?” तिने विचारलं. मी काजू चिरायला घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उंची परवडली असं वाटलं. उंची आईवडिलांनी दिलेली असते, तिच्यावरून कोणी बोललं तर राग त्यांच्यावर ढकलता येतो. हे वेगळं होतं. मी आत न बसणारा माणूस आहे, असं त्या बाई माझ्या लग्नाच्या केकसमोर म्हणाल्या होत्या. आणि ते त्यांचं मत नव्हतंच, छापलेलं होतं.

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. लेक समोर होती, तरी विचारलं. “हे एवढं स्पष्ट लिहिलेलं आहे तर तुला पोफळीला काय उत्तर आलं? हो कसं आलं?”

“काही आलं नाही,” बायको म्हणाली. “मी विचारलंच नाही.”

“म्हणजे?”

“पोफळीला गेले आणि शास्त्र कपाटात कपड्यांखाली टाकून दिलं. परत निघेपर्यंत हात लावला नाही. काय लिहिलंय ते पाठ होतं मला. उघडलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. आईला सांगितलं, मला हाच पाहिजे.”

मी तेलाच्या हातांनी बसलो होतो आणि माझ्या आयुष्यात मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. मी जिंकलो होतो. ज्याच्यावर मी सगळा संसारभर जळत होतो ते काळ्या रेक्झिनचं पुस्तक त्या दिवसांत कपाटात कपड्यांखाली पडलं होतं आणि ही बाई म्हणत होती, मला हाच पाहिजे. आमच्या देवीला विचारलं होतं. हिच्या देवाला हिने विचारलंच नव्हतं. मला उठून पडवीत एक चक्कर मारावीशी वाटली. मी आणखी एक काजू चिरला.

“मग मीपण कपाटात टाकू?” लेकीने विचारलं.

“नाही,” बायको म्हणाली. “तू बघ.”

माझा आनंद फार टिकला नाही तो असा. तिने काडी खाली ठेवली आणि लेकीशी बोलायला लागली. माझ्याकडे पाठ नव्हती, पण बोलत होती लेकीशी.

“मी चुकले असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “पुन्हा विचारलंत तरी हेच करीन. पण त्यात लिहिलंय ते उगाच नाही लिहिलेलं. मला वाटायचं, काय होणार आहे, चांगला माणूस आहे. चांगलाच आहे. पण तू सांग, चर्चमध्ये मी कशी बसायचे?”

लेकीने पुढचा काजू उचलला.

“तू मोठी होऊन माझ्या शेजारी बसायला लागलीस त्याच्या आधी. बाकावर माझी पर्स ठेवायचे शेजारी. तिथे कोणी येऊन बसू नये म्हणून नाही. मोकळं दिसू नये म्हणून. बाकीच्या बाया नवऱ्याबरोबर एका पुस्तकात बघून गाणं म्हणायच्या. माझे पप्पा गेले त्याच्या पुढच्या रविवारी मला गाण्याचं पान दिसेना, तेव्हा शेजारी पर्स होती.” मग ती जरा हसली. “एकदा विचारलं नाही ना, म्हणून मग सगळंच विचारत आले. दुधी आणायचा का, इथपर्यंत.”

त्या सगळ्या रविवारी मी बाहेर होतो. तिला स्कूटरवरून सोडायचो आणि उपासना संपेपर्यंत फाटकापाशी बदामाच्या झाडाखाली रविवारची पुरवणी वाचत उभा राहायचो. भर पावसात रेनकोट घालून उभा राहिलोय. यात माझा केवढा मोठेपणा आहे असं मला वाटायचं. आतून गाण्याचा आवाज यायचा आणि माझा जळफळाट व्हायचा, की माझ्याशिवाय ही आत किती सुखात आहे. ती बाहेर यायची तेव्हा चेहरा शांत असायचा. तो शांतपणा तिला तिथे कोण देतं, याचा मला हेवा वाटायचा. आत तिच्या शेजारी पर्स आहे हे मला कुठून दिसणार?

“मला बोलवायचं होतंस,” मी म्हणालो. “एकदा तरी म्हणायचं होतंस. आलो असतो.”

“आणि नसता आलात तर?” ती म्हणाली.

ती दुधी देवाला विचारते, पण जिथे नाही ऐकायची भीती असते तिथे ती विचारत नाही. अशा दोनच गोष्टी निघाल्या. एक तिने देवाला विचारली नाही आणि एक मला. दोन्ही माझ्याबद्दलच होत्या.

लेकीला तिने शेवटी हो किंवा नाही असं काही सांगितलं नाही. म्हणाली, “त्याला धर्म बदल म्हणू नकोस. विश्वास ठेव असंही म्हणू नकोस, तो काही सांगून ठेवता येत नाही. फक्त विचार, रविवारी शेजारी बसशील का. कायम. त्याचं उत्तर ऐक आणि मग तुझं तू ठरव.” लेकीने हात धुऊन त्याच संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, बसेन की. इतकं सोपं होतं ते. मला त्याचा असा राग आला की रात्री मी जेवलो नाही, पित्त झालंय म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी तो आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मला “काका, येतो,” म्हणाला आणि त्या दोघींच्या मागोमाग आत गेला. मी नेहमीप्रमाणे झाडाखाली उभा राहिलो. पुरवणी आणली होती, पण उघडली नाही. झाडाखालून दोन पावलं पुढे सरकलं की खिडकीतून मधले बाक दिसतात. इतकी वर्षं मी ती दोन पावलं सरकलो नव्हतो. तीन डोकी दिसत होती. लेकीचं, त्याचं, आणि पलीकडे बायकोचं. त्याच्या आणि बायकोच्या मध्ये बोटभरही जागा नव्हती.

गाणं सुरू झालं. लेकीने पुस्तक त्याच्या पुढे धरलं, आणि दुसऱ्या बाजूने बायकोने वाकून पानावर बोट ठेवलं, कुठली ओळ चालू आहे ते दाखवायला. मी आयुष्यात पुष्कळांवर जळलो आहे. हेडमास्तर झालेल्या सहकाऱ्यावर, उंच माणसांवर, एका पुस्तकावर आणि त्यातल्या देवावर. पण त्या पोरावर जितका जळलो तितका कोणावर नाही. काल आलेला पोरगा, आणि जिथे इतकी वर्षं एक पर्स बसली होती तिथे जाऊन आरामात बसला. मी आत जाऊ शकलो असतो. दार उघडंच असतं. पण आता आत गेलो असतो तर त्याचं बघून आलेला दिसलो असतो, आणि बाकही भरला होता.

उपासना संपली. लोक बाहेर आले. लेक आणि तो त्याच्या मोटरसायकलकडे गेले. बायको माझ्यापाशी आली. मी हेल्मेट तिच्या हातात दिलं आणि मला जितकं सहज विचारता आलं तितकं सहज विचारलं, “काय, कळलं का त्याला काही?”

“कसलं कळतंय,” ती म्हणाली. “सगळा वेळ पंख्याकडे बघत होता. उभं राहायचं तिथे बसला, बसायचं तिथे उभा राहिला. गाणं तर चालीलाच धरून नव्हतं.”

“मग काय उपयोग?” मी म्हणालो.

तिने हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला.

“बसला ना,” ती म्हणाली, आणि स्कूटरवर माझ्या मागे बसली.